गीझर, अप्पा आणि चारचा कॉल

गॅसवर पातेल्यात पाणी तापवायचं, ते बादलीत ओतायचं, आंघोळ उरकायची आणि नऊच्या आत हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये जाऊन उभं राहायचं. हा उद्योग कधी केलाय तुम्ही? मी गेले दोन आठवडे केला. फक्त सोमवार ते गुरुवार हां. शुक्रवारी वर्क फ्रॉम होम, त्यामुळे आंघोळीचा प्रश्न कुणी कॅमेरा ऑन करायला सांगितलं तरच येतो.

झालं असं, की गीझर लावला की दोन मिनिटांत अख्ख्या फ्लॅटची लाइट जायची. वायफायसकट. इलेक्ट्रिशियनचा स्लॉट मिळायचा सकाळी अकरा ते एक, म्हणजे नेमका आपण ऑफिसात असतो तेव्हा. शेवटी एकाला गुरुवारी संध्याकाळी गाठलं. त्याने बोर्ड उघडला, मान हलवली आणि म्हणाला, "मॅडम, तुमचा ईएलसीबी लई सेन्सिटिव्ह आहे. बायपास करून टाकू. पाच मिनिटांचं काम."

'पाच मिनिटांचं काम' ऐकलं की आपण आयटीवाले लगेच विरघळतो. मी हो म्हणालेच होते, पण त्याच्याकडे वायर नव्हती. उद्या संध्याकाळी येतो म्हणाला.

रात्री आईला फोन केला तेव्हा सहज बोलता बोलता हे सांगितलं. फोन स्पीकरवर असणार, कारण मधेच अप्पांचा आवाज आला. "बायपास? कुणी सांगितलं?" मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मग, "गीझर लावू नकोस. आणि त्या माणसाला दारात उभं करू नकोस."

अप्पा साताऱ्याच्या एमआयडीसीत 34 वर्षं मेंटेनन्सला होते. गेल्या दिवाळीत त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि आईने फतवा काढला. शिडी बंद, स्कूटर बंद, पिशव्या उचलणं बंद. आता घरातला पंखा पुसायलाही माणूस येतो. आणि मी? वर्षभर मी त्यांना फोनवर एकच प्रश्न विचारत होते, "गोळ्या घेतल्या का?"

शुक्रवारी दुपारी दीडला बेल वाजली. दारात अप्पा! ज्येष्ठांच्या अर्ध्या तिकिटात एसटीने स्वारगेट, तिथून तपकीर गल्लीत जाऊन 2000 वॉटचं एलिमेंट, गॅस्केट आणि एक ॲनोड रॉड घेतलेला, मग मंडईहून मेट्रो आणि पिंपरीहून रिक्षा. हातात त्यांची ती कळकट रेक्झिनची बॅग. "वॉचमनकडे घोडा आहे का विचार," हे पहिलं वाक्य. पाणी पण नंतर.

मेन बंद केला, अँगल कॉक बंद केला, टाकी रिकामी करायला लावली. पाणी गळत होतं तेवढ्यात मला ईएलसीबीचा फंडा समजावला. घरात येणारा करंट आणि परत जाणारा करंट सारखाच हवा. त्यात साधारण 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की हा स्विच पडतो, कारण तेवढा करंट दुसरीकडून कुठूनतरी जातोय. "कुठून जातोय सांग." मी गप्प. "तुझ्या आंघोळीच्या पाण्यातून. तो सेन्सिटिव्ह नाही गं, तो तुला दोन आठवडे ओरडून सांगतोय."

खरं सांगते, पोटात गोळा आला.

आणि मग अप्पांनी घोड्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"अप्पा, उतरा."

"तू नुसता घोडा धर."

घड्याळात चारला दहा कमी. चारला क्लायंट कॉल, आणि त्यात माझं प्रेझेंटेशन. मी लॅपटॉपसमोर बसले की हे वर चढणार, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून इअरफोन घातले, मोबाइलवरून कॉल जॉइन केला आणि म्हटलं, "मी चढते. तुम्ही सांगा." त्यांचा चेहरा उतरला. पण दोन सेकंदच. मग म्हणाले, "आधी वायरींचा फोटो काढ."

अशा रीतीने मी गीझरखाली मान वाकडी करून नट सोडवत होते आणि कानात रिलीजची चर्चा चालू होती. ओपन डिफेक्ट्स किती, विचारलं. अनम्यूट केलं, सांगितलं, "सेव्हन. टू क्रिटिकल." नेमकी त्याच क्षणी प्लेट सुटली आणि टाकीत उरलेलं पाणी माझ्या डोक्यावर. "काय झालं?" मॅनेजर. मी म्हटलं, "काही नाही, लीकेज." पलीकडे भयाण शांतता. टेस्टिंगवाल्यांना कळेल, आमच्यात 'लीकेज' म्हणजे आपल्या हातून निसटून थेट क्लायंटकडे पोचलेला बग! "बाथरूममधलं," मी घाईघाईने म्हटलं आणि म्यूट झाले.

खालून अप्पा कुजबुजले, "सात काय?"

"चुका."

"आणि दोन मोठ्या? मग आधी त्या काढायच्या ना."

जुनं एलिमेंट बाहेर आलं तेव्हा ओळखू येईना. आमच्याकडे टँकरचं पाणी, त्याच्या क्षाराचा पांढरा थर, आणि खाली एका जागी नळी चक्क फाटलेली. ॲनोड रॉडची नुसती तार उरली होती. हा मॅग्नेशियमचा असतो, टाकीच्या आधी स्वतः झिजतो. पाणी जड असेल तर वर्षातून एकदा उघडून बघायचा, म्हणे. तुम्ही बघितलाय कधी? मला तर तो असतो हेच माहीत नव्हतं.

अप्पांनी एलिमेंट ओट्यावर ठेवलं आणि मीटर काढला. एक टोक टर्मिनलला, दुसरं बॉडीला. हात थरथरत होता. टोक दोनदा सटकलं. तिसऱ्यांदा त्यांनी काही न बोलता दोन्ही टोकं माझ्या हातात दिली आणि स्क्रीनकडे बघत उभे राहिले. मीटर पीऽऽ करून वाजला. "बघ," एवढंच म्हणाले.

नवीन एलिमेंट बसवून होईपर्यंत सहा वाजले. मधे तो इलेक्ट्रिशियन येऊन गेला, अप्पांनी त्याला दारातच जुनं एलिमेंट दाखवलं. बिचारा चहा पण न घेता गेला. गरम पाण्याच्या नळाला पाणी येईपर्यंत गीझर लावायचा नाही, हे मला तीन वेळा ऐकवण्यात आलं. मग बटण दाबलं. दोन मिनिटं. पाच मिनिटं. लाइट आहे! वायफाय आहे!

आईचा फोन आला. "शिडीवर चढले होते ना ते?"

"नाही. मी चढले."

"तू?"

पहिल्या आंघोळीचा मान अर्थातच अप्पांचा. अर्धा तास झाला तरी बाहेर येईनात. मी दार वाजवणार, तेवढ्यात आतूनच आवाज आला.

"पाणी फार कढत येतंय गं. थर्मोस्टॅट कमी करायला लागेल. घोडा देऊ नकोस परत एवढ्यात."