बंदीच्या वादापलीकडे

नागपूरला लागून असलेल्या वर्ध्यात 1975पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती 1993 साली आली. चंद्रपुरात 2015 साली आली आणि 2021 साली उठली. विदर्भात दारूची चर्चा बहुतेक इथेच अडते : बंदी हवी की नको, महसूल किती बुडतो. पिणाऱ्याच्या शरीराचं काय होतं, हे मागेच राहतं.

यकृत दारू आपल्याच गतीने पचवतं. लिंबूपाण्याने, कॉफीने किंवा गार पाण्याच्या अंघोळीने ती गती वाढत नाही. गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. रात्री उशिरापर्यंत भरपूर प्यायलेला माणूस सकाळी वर्धा रोडवर गाडी काढतो, तेव्हाही ती ओलांडलेली असू शकते. तोंड, अन्ननलिका, यकृत, स्तन यांच्या कर्करोगाशीही दारूचा संबंध सिद्ध झालेला आहे, मग बाटली देशी असो वा विदेशी.

आणि घराघरांत पोचायला हवी अशी गोष्ट : वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू शपथ घालून एका रात्रीत तोडू नका. हात थरथरतात, भास होतात, झटके येतात. जीवही जाऊ शकतो. त्याला आधी डॉक्टरांकडे न्या. नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे.