बोर्डावर नाव लागलं नाही तरी चालेल



गेल्या आठवड्यात आमच्या घरी रात्री साडेदहापर्यंत बैठक चालली. विषय होता धाकट्या दिरांच्या मुलीचा. तिचं एमबीबीएस झालं, एक वर्षाची सक्तीची शासकीय सेवा झाली, नीट-पीजीचा निकालही लागला. आता एमडी कोणत्या विषयात करायचं आणि कोणती कॉलेजं यादीत वर टाकायची, ते ठरवायचं होतं. मतं घरातल्या प्रत्येकाला होती. जिला पुढची तीस-पस्तीस वर्षं ते काम करायचं आहे, ती मात्र लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात गप्प बसली होती.

दिरांना रेडिओलॉजी हवं होतं. सेंटरसाठी गाळासुद्धा पाहून ठेवलेला. "रात्रीची धावपळ नाही, मुलीला बरं," हा त्यांचा मुद्दा. तिच्या गुणांवर सरकारी कॉलेजात ती जागा मिळणं अवघड, म्हणून खासगीत मॅनेजमेंट कोट्यातून घ्यायची तयारी. जाऊबाईंचं मत त्वचारोगाला. शेवटी मुलगी म्हणाली, "मला अ‍ॅनेस्थेशिया घ्यायचंय." जाऊबाई म्हणाल्या, "भूल द्यायची? अगं, त्याचा बोर्ड तरी कुठे लागतो? बायोडेटात काय लिहू?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही.

ती मला नंतर स्वयंपाकघरात म्हणाली, "बडी मम्मी, मी वर्षभर ग्रामीण रुग्णालयात होते. ऑपरेशन करायला मॅडम आहेत, टेबल आहे, औषधं आहेत. भूल द्यायला कुणी नाही, म्हणून अडलेल्या बाईला अँब्युलन्समध्ये घालून नगरला पाठवायचं. किती वेळा पाठवलं, मोजायचं सोडून दिलं." आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सगळ्यात मोठा, चौदा तालुक्यांचा. कोपऱ्यातल्या गावाहून नगर गाठायचं म्हणजे किती वेळ लागतो, ते आपल्याला माहीत आहे. ही अडचण एका तालुक्याची नाही. भूलतज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून केंद्र सरकारने साध्या एमबीबीएस डॉक्टरांना अठरा आठवड्यांत प्रसूतीच्या तातडीच्या शस्त्रक्रियेपुरती भूल द्यायला शिकवण्याची योजना काढली. यावरून गरज समजावी.

मला जामखेडच्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळेंची आठवण झाली. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून शिकलेले. आधी आपल्याच जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात त्यांनी काम केलं. तेच तेच आजार घेऊन तीच माणसं परत येतात, आणि त्यातले कितीतरी आजार टाळता येण्यासारखे आहेत, हे त्यांनी तिथे पाहिलं. मग ते अमेरिकेत पुढचं शिकायला गेले आणि जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतले. १९७० मध्ये जामखेडला प्रकल्प सुरू केला. गावातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुरस्कारापेक्षा मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. त्यांनी आधी गरज पाहिली, मग काय शिकायचं ते ठरवलं. आपल्या घरांत उलटं चालतं. आधी रँक, मग रँकला मिळेल तो सगळ्यात महाग विषय, आणि गरज कुणाची, हा प्रश्न शेवटपर्यंत येतच नाही. आमच्या मुलीने नकळत आरोळेंचाच क्रम धरला होता.

मग बैठकीत मी एक गोष्ट सांगितली. आमच्या घरात ती कुणी काढत नाही. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. नणंदबाई बाळंतपणासाठी तालुक्याच्या गावी होत्या. रात्री अडल्या. सिझर करायचं ठरलं, डॉक्टर तयार होते, पण भूल द्यायला माणूस नगरहून यायचा होता. तो येईपर्यंत तीन तास गेले. नणंदबाई वाचल्या, बाळ गेलं. दीर तेव्हा शाळेत होते, त्यांना नीटसं आठवतही नसेल. मी एवढंच म्हटलं, "भाऊजी, त्या रात्री आपण बोर्ड शोधत नव्हतो. भूल देणारा माणूस शोधत होतो."

दीर बराच वेळ बोलले नाहीत.

रेडिओलॉजीला मी कमी लेखत नाही. अनेकांत मानणाऱ्यांनी तसं करूही नये. वेळेवर झालेल्या सोनोग्राफीने जीव वाचतात. ज्या मुलाला ते मनापासून हवं आहे, त्याने जरूर घ्यावं. माझा आक्षेप गाळा आधी पाहून विषय नंतर ठरवण्याला आहे.

मी बी.कॉम. आहे, म्हणून हिशोबही मांडला. मॅनेजमेंट कोट्यातल्या रेडिओलॉजीच्या तीन वर्षांचा खर्च कोटीच्या घरात जातो. त्यावर मशिनरीचं कर्ज. एवढा बोजा घेऊन बसलेल्या मुलीला गरीब पेशंटचे पैसे कमी करणं परवडेल का? सरकारी कॉलेजात फी कमी आणि वर विद्यावेतन. अपरिग्रह फक्त कपाटातल्या साड्यांपुरता नसतो. मुलांच्या डोक्यावर किती कर्ज ठेवायचं, तिथेही तो लागू होतो.

कॉलेज निवडतानाही घराजवळचं बघू नये, असं मला वाटतं. शिकायचं तर जिथे पेशंट भरपूर येतात आणि रात्री अडीच वाजता सीनियर शेजारी उभा राहतो, तिथे. म्हणून आमच्या यादीत पुण्याचं बी. जे., म्हणजे ससून, आणि संभाजीनगरची घाटी वर आहे. त्या विभागात आता शिकत असलेल्या दोन मुलींना तिने स्वतः फोन करून विचारलं. हे काम मुलांनीच करावं, वडिलांनी नाही. आता एमडीच्या मुलांना तीन महिने जिल्हा रुग्णालयातही काम करावं लागतं. अनेकांना ती कटकट वाटते. मला वाटतं, खरी परीक्षा तिथेच होते.

जाऊबाईंची शेवटची काळजी धर्माची होती. रात्रपाळीत चौविहार कसा सांभाळणार? मेसमध्ये कंदमूळ टाळता येईल का? काळजी खोटी नाही. जमेल त्या दिवशी पच्चक्खाण घ्यावं, सुट्टीच्या दिवशी सामायिक करावी. पण वैयावच्च, म्हणजे सेवा, हेही आपल्याकडे अभ्यंतर तप मानलं आहे, हे विसरू नये. आणि दानांत अभयदान श्रेष्ठ, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ऑपरेशन टेबलवर थरथरणाऱ्या बाईचा हात धरून "घाबरू नका, मी शेवटपर्यंत इथेच आहे" असं म्हणणारी व्यक्ती भूलतज्ज्ञच असते. आपल्या आनंदऋषीजी हॉस्पिटलमधून बायपास करून घरी आलेला माणूस सर्जनचं नाव सगळ्यांना सांगतो. त्याचा श्वास कुणी सांभाळला, ते त्याला आठवतही नाही. नावाशिवाय केलेली सेवा आणखी कशी असते?

यादी भरून झाली. पहिल्या सगळ्या ओळींत अ‍ॅनेस्थेशिया आहे. जागा मिळेल की नाही, ते फेरीनंतर कळेल. गाळ्याचं काय करायचं, ते दीर बघतील.

तुमच्याही घरात अशी यादी भरली जात असेल, तर मुलाला एवढंच विचारा: तू कुणाची अडचण पाहिलीस? उत्तर आलं, तर बाकीच्यांनी बाजूला व्हावं.

लिहिताना कुणाचं मन दुखावलं असेल, तर मिच्छामि दुक्कडम्.