चोरून पेरलेला कागद

राधानगरी-शाहूवाडीकडची शिकलेली पोरं म्हणत्यात, "सरकारी कॉम्प्युटरात घुसू, आपल्या दाव्यापुढं 'मंजूर' लिहू."

राग खरा हाय. वनहक्क कायदा 2006 चा. धनगरवाड्यांना तर 75 वर्षांचा पुरावा मागत्यात, कुठनं आणायचा?

पण फादर स्टॅन स्वामी आठवा. झारखंडच्या आदिवासींसाठी झटलेला म्हातारा. भीमा-कोरेगाव खटल्यात 2020 ला धरला, 5 जुलै 2021 ला कोठडीत असतानाच इस्पितळात गेला. मागनं अमेरिकेतल्या आर्सेनल कंपनीनं तपासून सांगितलं, त्यांच्या कॉम्प्युटरात कुणीतरी चोरून शिरून कागद पेरले होते.

तीच करणी आता आपण करायची? एक खोटी नोंद सापडली की शंभर खरे दावे खोटे ठरवतील. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66 कलमाखाली तीन वर्षांपर्यंत आत जाईल ते पोरगं. पुढारी न्हवं.

दडवलेला नकाशा उघड्यावर आणायचाय? जरूर आणू, माहिती अधिकारात अर्ज टाकून, सगळ्या गावाच्या सहीनं. म्हाताऱ्यांचे जबाब, जुन्या विहिरी, थडगी, देवाची जागा, कायदा हे पुरावे धरतो. ते ग्रामसभेत दिवसाढवळ्या लिहा, अन् दाव्याची पोच घेतल्याबिगर उठू नका.