वहिवाट

इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात लोक सुट्टी काढून चालायला जातात. सामान गाडीने पुढच्या मुक्कामी जाते आणि माणसे समुद्रकाठच्या वाटेने पायी. ही वाट चार परगण्यांतून सुमारे १,०१४ किलोमीटर जाते. जकात चुकवून माल उतरवणाऱ्यांवर पाळत ठेवणारे पहारेकरी पूर्वी तिच्यावरून फिरत. आज लगतची जमीन खासगी असली तरी तेथून चालण्याचा हक्क कायद्याने राखलेला आहे.

नोकरीत मी तीन वर्षे अलिबाग भागात होतो. कर्जदारांच्या नारळी-पोफळीच्या वाड्या पाहायला पायीच जात असे. गेल्या पौषात सौ. आणि भाचा यांच्यासह अलिबाग ते रेवदंडा पुन्हा चालायचे ठरवले. अंतर रस्त्याने सतरा-अठरा किलोमीटर. दोन दिवसांत सहज होते.

किनाऱ्याने चालणाऱ्याने भरतीचा हिशेब ठेवावा. कोळ्यांची रीत सोपी आहे : तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. तिथ्या तोंडपाठ असलेल्या आपल्या घरांना हे अवघड नाही. अष्टमीला मात्र पाणी फारसे मागे हटत नाही. आम्ही चतुर्थी साधली, कुलाबा किल्ल्यात पायी जाऊन वेळेत परतलो, पुलावरून आक्षीची खाडी ओलांडली आणि पुळणीने नागाव गाठले. यजमानांना आदल्या दिवशीच कळवले होते. दिवस मावळण्यापूर्वी वालाची उसळ आणि भाकरी पानात होती. येथील पांढऱ्या कांद्याची ख्याती आम्ही दुरूनच ऐकली.

दुसऱ्या दिवशी चौलच्या वाड्यांतून समुद्राकडे जाणारी माझी जुनी पायवाट धरली. ती एका नव्या, पुरुषभर उंच चिरेबंदी भिंतीपाशी संपली. भाचा गप्प झाला. भिंत त्याचीच होती.

खरे सांगायचे तर त्या जमिनीचे कागद मीच तपासले होते. सातबारा, फेरफार, चतुःसीमा, तीस वर्षांचा शोध, सारे चोख. पायवाट सातबाऱ्यावर नव्हती, म्हणून माझ्या अहवालातही आली नाही. ज्या वाटेने मी तीन वर्षे चाललो, ती हीच, हे घरी बसून गट क्रमांकावरून मला उमगले नाही.

शहाळ्यांची टोपली घेतलेली एक बाई मागून आली आणि भिंतीच्या कडेने वळली. “आता रस्त्यानंच जातो आम्ही,” एवढेच म्हणाली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती. असती तर बरे वाटले असते.

सुविधाधिकाराचा १८८२चा कायदा वीस वर्षांच्या अखंड, उघड वहिवाटीला हक्क मानतो. आपल्यापैकी अनेकांनी या किनाऱ्यावर जागा घेतल्या आहेत. खरेदीखतापूर्वी वकिलाला विचारावेच, पण एकदा सकाळी जागेवर उभे राहून कोण कोठून जाते तेही पाहावे.

रेवदंड्याला अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचे स्मारक आहे. पंधराव्या शतकात तो विकायचा घोडा घेऊन चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला गेला. पुढे साळावचा पूल, कोर्लई, काशीद. ते पुन्हा कधीतरी.

परतताना भाच्याने गाडी नाकारली. चौलला भिंतीपाशी थांबून त्याने पावले मोजली, चार भरली. मग तेथूनच गवंड्याला फोन लावला.