फुटका पत्रा आणि गवंड्याची छाती

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या हरिहरेश्वराकडे घरे शाकारण्याची एकच घाई उडते. अशाच दिवसांत त्या बाजूचा एक गवंडी दवाखान्यात आला. वय पन्नाशीच्या आत, दोन महिने कोरडा खोकला. "डॉक्टर, धुळीने होतंय, एक बाटली द्या म्हणजे झालं," असे त्याचे म्हणणे. कसली धूळ, तर म्हणाला, "सिमेंटचे पत्रे कापतोय, लॉजच्या शेडचे." तोंडाला काय बांधता, असे विचारले तेव्हा खांद्यावरचा पंचा दाखवला.

त्याचा खोकला पत्र्यामुळेच आहे असे मी म्हणत नाही. छातीचा फोटो काढायला पाठवले आहे, क्षयासाठी थुंकीही तपासायला दिली आहे. पण बहुतेक सिमेंटच्या पत्र्यांत ॲसबेस्टॉस या खनिजाचे तंतू असतात, हे त्याला ठाऊक नव्हते. वाचकहो, आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

हे तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक. पत्रा छपरावर धड असतो तोवर ते सिमेंटमध्ये पक्के असतात, तेव्हा घाबरून उद्याच छप्पर उतरवू नका. पण कटर चालवला, पत्रा फोडला किंवा शेवाळ काढायला तारेचा ब्रश घासला की ते हवेत सुटतात. श्वासाबरोबर खोल गेले की तिथेच ठाण मांडतात. फुप्फुस राठ होते, काहींना फुप्फुसाचा किंवा त्याच्या आवरणाचा कर्करोग होतो. विडी ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी जास्त. आणि हे सारे उमगते ते बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी! पंचा किंवा कोरोनाच्या दिवसांतला निळा मास्क या तंतूंना अडवत नाही.

जानेवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की ॲसबेस्टॉस कारखान्यातल्या प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे जपून ठेवावी. चांगलेच झाले. पण तोच पत्रा आपल्या अंगणात कापणाऱ्या रोजंदारीच्या माणसाची नोंद कोणत्या वहीत आहे? युरोपीय संघाने २००५ पासून ॲसबेस्टॉसवर बंदी घातली. आपल्याकडे मात्र ते बाहेरून आणून पत्रे करणे आजही कायदेशीर आहे.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन तालुक्यात किती छपरे उडाली ते सांगायला नको. फुटलेल्या पत्र्यांचे तुकडे नंतर गडग्यात, रस्त्याच्या खड्ड्यात, खाडीच्या काठाला गेले. मुले त्यांवर खेळताना मी पाहिली आहेत. जिल्ह्यातच तळोज्याला कारखान्यांच्या घातक कचऱ्याची सोय आहे; गावातल्या माणसाने फुटका पत्रा कुठे न्यावा, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

मंगलोरी कौले घाला, असे सांगणे सोपे आहे. पण माकडे कौले फोडतात, लाकूड महाग, आणि दरवर्षी शाकारायला माणूस मिळत नाही. गरिबाने पत्रा घातला म्हणून मी त्याला बोल लावणार नाही. पाहुण्यांसाठी शेडवर शेड चढवणाऱ्यांनी मात्र निदान नवे काम तरी ॲसबेस्टॉस नसलेल्या पत्र्याचे करावे. नाव जांभ्याच्या घराचे, आणि मागे पाहावे तर सगळे सिमेंटचे पत्रे!

जुना पत्रा काढायचाच असेल तर पाण्याने भिजवून, बोल्ट सोडवून अखंड उतरवावा. तुकडे जाड प्लॅस्टिकमध्ये बांधावेत. कोरडा झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे. कामाचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नयेत. ते झटकणाऱ्या बायकांनाही हा आजार झालेला आहे. योग्य मास्कचा खर्च मालकाचा, गवंड्याचा नव्हे. आणि ग्रामपंचायतींनी पावसाआधी एकदा फुटके पत्रे गोळा करून पुढे पाठवण्याची व्यवस्था मागावी, लॉजवाल्यांकडून त्याचा खर्च घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

फोटो येईपर्यंत कटरला हात लावू नका, असे मी त्या गवंड्याला बजावले. तो म्हणाला, "निम्मे पत्रे अजून चढवायचे आहेत, डॉक्टर. मालक थांबायचा नाही."