भारताचा एडिसन? नको हो!

दर एप्रिलमध्ये ऑफिसच्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड येतो. शंकर आबाजी भिसे, भारताचा एडिसन, २०० शोध, अभिमान असेल तर पुढे पाठवा. आपण हात जोडलेली स्मायली टाकतो आणि मीटिंगला पळतो. मला त्या 'एडिसन'चाच राग येतो.

एडिसनकडे १८७६ पासून मेन्लो पार्कची प्रयोगशाळा होती, पगारी माणसं होती, दिव्यांच्या कंपनीत मॉर्गनचा पैसा होता. १८६७ साली मुंबईत जन्मलेल्या भिश्यांकडे डोकं होतं आणि दादाभाई नौरोजींसारख्यांच्या ओळखी. वाण्याच्या दुकानातलं वजनाचं यंत्र, छापखान्याचे खिळे ओतणारं 'भिसोटाइप', पुढे आयोडीनचं औषध. माणूस कुठेही हात घालायचा. (आज त्यांचा रेझ्युमे एचआरने 'फोकस नाही' म्हणून बाजूला ठेवला असता!)

खिळे ओतण्याचं यंत्र म्हणजे त्या काळातला मोठा धंदा. त्यासाठी भिसे लंडनला गेले, पैशासाठी वर्षानुवर्षं दारं ठोठावली. सर रतन टाटांनी पैसा घातला, टाटा-भिसे सिंडिकेट निघालं, तेही काही वर्षांत बंद पडलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात भिसे अमेरिकेला गेले आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्येच वारले. यात कल्पनेचा दुष्काळ कुठे दिसतो सांगा. दुष्काळ होता तो वर्कशॉपचा, आणि चार वर्षं धीर धरणाऱ्या पैशाचा.

आणि आज? चाकणला पैसा नाही असं कोण म्हणेल? आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सच्या डिप्लोमावाल्या पोराने भंगारातली मोटर आणि दोन सेन्सर वापरून उलटा लागलेला पार्ट पकडणारं जुगाड केलं. चाललं की राव, आठवडाभर! साहेब म्हणाले, "हे आपलं काम नाही, व्हेंडरकडून घेऊ." घेतलं. काही लाख मोजून, बाहेरून.

त्याच कारखान्याच्या कँटीनमध्ये शास्त्रज्ञांची पोस्टर्स आहेत, भिसेसुद्धा आहेत. पोराने सुट्टीच्या दिवशी लेथ वापरायला मागितली, तर तीन सह्यांचा फॉर्म आणि "इन्शुरन्समध्ये बसत नाही". असो. यंदाचा फॉरवर्ड पाठवायच्या आधी एवढी एक लेथ मोकळी करा.