रोपाचे माहेर



आखाजी जवळ आली की आपल्या खानदेशात लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात. नेमक्या त्याच दिवसांत परसातली फळझाडांची रोपे माना टाकतात. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पिशवीतली मूठभर माती दुपारपर्यंत तव्यासारखी तापते. मग वरून घागरभर पाणी ओतले तरी रोप सावरत नाही. अशा रोपांसाठी परसात लहानसे सावलीघर कसे करावे, ते आज पाहू.

हरितगृह म्हटले की डोळ्यांपुढे प्लॅस्टिकचे घर येते. आमचीही तीच समजूत होती. पहिल्या वर्षी बांबूंवर पांढरे प्लॅस्टिक ताणले आणि कागदी लिंबाची चाळीस रोपे आत ठेवली. माघात ती छान तरारली. चैत्रात एके दुपारी दार बंद राहिले. संध्याकाळी पाहतो तर सगळी रोपे शिजल्यासारखी झालेली! चूक प्लॅस्टिकची नव्हती, आमची होती.

असली घरे मुळात थंड मुलखातली. फ्रान्सच्या राजाने व्हर्साय येथे १६८४ ते १६८६ या काळात संत्र्याच्या झाडांसाठी मोठे घर बांधले. पेट्यांत लावलेली झाडे हिवाळ्यात आत ठेवायची आणि उन्हाळ्यात बाहेर काढायची, अशी तिथली रीत. आपल्याला बरोबर उलटे करायचे आहे. आपल्या रोपाला उन्हाळ्यात आत घ्यायचे. त्याला ऊब नको, सावली हवी.

दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि सात फूट उंच एवढे घर पुरते. बांबू किंवा लोखंडी नळ्या रोवून वर निम्मे ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधावी. जाळी नसेल तर तुऱ्हाट्या किंवा पऱ्हाट्या विरळ अंथराव्यात. पश्चिमेची बाजू तट्ट्याने झाकावी, कारण दुपारचे ऊन आणि झळा तिकडूनच येतात. वैशाखात त्या बाजूला ओले गोणपाट टांगावे. बाकीच्या बाजूंनी वारा खेळू द्यावा. धुळे-साक्रीकडे पौषात थंडी कडक पडते, तेव्हा रात्री बाजूंना जुनी लुगडी सोडावीत आणि सकाळी वर करावीत.

पिशवीत एक भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत भरावे. कच्च्या खताबरोबर हुमणी आणि वाळवी येते. पिशवीला खाली भोके हवीतच.

आता रोपे कोणती करावीत? कागदी लिंबापासून सुरुवात करा. चांगल्या, निरोगी झाडाचे पिकलेले फळ घेऊन बी ताजेच लावावे, वाळवू नये. एका बीतून पुष्कळदा दोन-तीन रोपे येतात आणि त्यांतली जोमदार रोपे बहुधा आईच्याच गुणाची असतात. जोमदार एक ठेवून बाकीची काढावीत. हे रोप लावणीजोगे व्हायला सुमारे वर्ष लागते, म्हणजे त्याला एक उन्हाळा काढावाच लागतो. सावलीघराचा खरा उपयोग इथे होतो.

पपईचे रोप सहा ते आठ आठवड्यांत तयार होते. बियांवरचा बुळबुळीत पापुद्रा राखेत चोळून धुवावा आणि मगच बी लावावे. पाणी बेताचे द्यावे, नाहीतर रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. पपईवरचा विषाणू मावा किडीमुळे पसरतो, म्हणून या रोपांना बारीक जाळी चारी बाजूंनी लावावी.

तिसरे आपल्या मेहरुणचे बोर. रानबोराच्या बिया उंच पिशवीत लावाव्यात आणि पावसाळ्यात त्या रोपावर मेहरुणच्या झाडाचा डोळा भरावा. बोराचे सोटमूळ खोल जाते. ते जमिनीतून उपटताना तुटते आणि रोप मरते. पिशवीत मूळ शाबूत राहते.

आता सर्वांत महत्त्वाचे. सावलीघर हे रोपाचे माहेर आहे, तिथे त्याला कायमचे ठेवायचे नाही. सावलीत वाढलेले पान कोवळे असते. त्याला एकदम उन्हात नेले तर ते करपते. आपल्याकडची ऊतिसंवर्धित केळीची रोपे पाहा. बाटलीत वाढलेले रोप आधी हरितगृहात, मग जाळीखाली आणि शेवटी शेतात जाते. हाच क्रम घरीही पाळावा. लावणीपूर्वी पंधरा दिवस पिशव्या बाहेर काढून प्रथम सकाळचे कोवळे ऊन द्यावे, नंतर अर्धा दिवस आणि शेवटी पूर्ण दिवस. पाणी हळूहळू कमी करावे, पण रोप सुकू देऊ नये. जमिनीत चांगली ओल झाल्यावर संध्याकाळी लावणी करावी. पिशवी फाडताना मातीचा गड्डा फुटू देऊ नये.

एवढी खटपट कशाला, दारावर रोपे मिळतात की, असे कोणी म्हणेल. पण विकत घेतलेले लिंबू कोणत्या झाडाचे, हे फळ आल्यावरच कळते. बियांच्या लिंबाला फळ यायला चार-पाच वर्षे लागतात. रोप चुकीचे निघाले तर एवढी वर्षे वाया जातात. घरच्या रोपाची आई कोण, हे आपल्याला ठाऊक असते.

या आखाजीला लेक माहेरी आली की तिच्याच हाताने पपईचे बी लावून घ्या. सासरी परतताना एखादे तयार लिंबाचे रोपही तिच्यासोबत द्या. मात्र पाऊस पडेपर्यंत ते सावलीत ठेवायला सांगा.